नीलिमावहिनी, राण्या आणि एक पांढरी साडी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. समोर कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनचे कागद पसरले होते आणि त्यातली एक सही मला पटत नव्हती. दादाचा आवाज अगदी सपाट होता. ‘अनघा, नीलिमा गेली.’ माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘नक्की?’... पलीकडून तो म्हणाला, ‘डॉक्टर म्हणतायत.’ सख्खा भाऊ शारजाच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून आपली बायको गेल्याचं सांगतोय आणि मी त्याच्याकडे पुरावा मागितला.

माझं कामच तसं आहे. अजमानहून रोज दुबईला जायचं आणि मेडिकल इन्शुरन्सचे क्लेम तपासायचे. समोरचा माणूस खोटं बोलत असणार असं धरून सकाळी कॉम्प्युटर सुरू करायचा, आणि संध्याकाळपर्यंत दोनचार जण खरं बोलत होते असं निघालं तर जरा चुकल्यासारखं वाटतं. ह्या कामामुळे मी संशयी झाले, की आधीपासून संशयी होते म्हणून हे काम जमलं, मला सांगता येणार नाही. आई म्हणायची, ही लहानपणी पेढासुद्धा आधी हुंगून मग खायची.

वहिनीला जाऊन दीड महिना होत आला. इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत मी बोलले. ‘ती माझी वहिनी नव्हती, मोठी बहीण होती,’ वगैरे. बायका डोळे पुसत होत्या. पुढच्या रांगेत दादा मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे न बघता मी ते वाक्य बोलले, कारण ते खरं नव्हतं. बहिणीशी मी जे केलं नसतं ते मी तिच्याशी केलं होतं, आणि ते आजवर दादालाही ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहाल का, असं विचारणं झालं तेव्हा मी हो म्हणून बसले. लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, की पुन्हा तसलंच काहीतरी लिहायचं किंवा मग हे सांगायचं. आणि हे सांगायचं म्हणजे दादा ते वाचणार.

वहिनी शारजातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. ‘राणीचा जाहीरनामा’ आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेला. वहिनी तो शिकवताना मुलांना विचारायची, हे कुणी लिहिलं? मुलं ओरडायची, ‘क्वीन, मिस.’ ‘नो. क्वीनने सही केली,’ असं ती म्हणायची. घरी आल्यावर आम्हाला सांगायची, ‘बघा, राणी आयुष्यात एकदा आपल्याशी बोलली, तेही दुसऱ्यांनी लिहून दिलेलं.’ इंग्लंडच्या राजघराण्यातल्या बायका हा तिचा नाद होता. पण माझ्यासारखा नाही. मला त्यांची लग्नं, घटस्फोट, कुठली जाऊ कुठल्या जावेशी बोलत नाही ह्यात रस. तिला त्यांच्या रोजच्या कामात रस. आज कुठे गेली, काय घातलं होतं, कुणाशी किती वेळ बोलली. माझे यजमान, मिलिंद, तिला राणीसरकार म्हणायचे. ‘काय राणीसरकार, आज कुठला दवाखाना उघडला?’ वहिनी भाजी चिरता चिरता म्हणायची, ‘उघडला नाही हो, फीत कापली. उघडणारे बिचारे महिनाभर आधीच उघडून बसलेले असतात.’

एकदा महिलादिनाला मंडळानं तिचं भाषण ठेवलं. बर दुबई भागातल्या देवळाच्या गल्लीजवळ एक छोटा हॉल घेतला होता, खालच्या दुकानातून अगरबत्तीचा वास वर येत होता. वहिनी छान बोलली. पाठ्यपुस्तकातली ती जाड राणी, जिच्या नावानं मुंबईत बाग झाली आणि रुपयावर जिचं डोकं आलं, पण जिनं मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही. नवरा गेल्यावर उरलेलं सगळं आयुष्य तिनं काळ्या कपड्यांत काढलं. नंतरची दुसरी राणी, जी म्हातारपणीही पोपटी नाही तर गुलाबी कोट घालायची, कारण गर्दीत शेवटी उभ्या असलेल्या माणसालाही आपण दिसलो पाहिजे. तिची ती अपघातात गेलेली सून, जिनं हातमोजे न घालता एड्सच्या पेशंटचा हात हातात घेतला, तोही लोक अशा पेशंटच्या खोलीत शिरायला घाबरत होते त्या काळात. आणि राणीची मुलगी, जिचं कुणाला कौतुक नाही, पण कार्यक्रमांना सगळ्यांत जास्त तीच जाते. ‘ह्या बायकांचं काम म्हणजे हजर राहणं,’ वहिनी म्हणाली. ‘बोलायची मुभा नाही, खुलासा करायची नाही. फक्त जायचं आणि दिसायचं.’

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी हात वर केला. ‘पण वहिनी, ह्यांनी नक्की केलं काय? हात हलवला आणि हात मिळवला. आपल्याकडून नेलेलं काही परत दिलं का?’ टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, हे कबूल करते. वहिनी म्हणाली, ‘नाही दिलं. ते मी झाकत नाही.’ टाळ्या थांबेपर्यंत ती गप्प उभी राहिली. ‘पण माणूस कॉटवर पडलेला असतो आणि दारात कुणीतरी त्याच्यासाठी म्हणून येऊन उभं राहतं, तेव्हा त्याला फरक पडतो. त्यांना कुणी पाठवलं, का पाठवलं, हा तुझा प्रश्न आहे, आणि तो चूक नाही. पेशंटचा प्रश्न वेगळा असतो, एवढंच.’ गाडीतून घरी येताना मी मिलिंदना म्हटलं, ही स्वतःबद्दल बोलत होती.

आणि ते खरंच होतं. इकडे कुणी गेलं की कागदपत्रं, परवानग्या, विमानाचं कार्गो ह्यांत घरातले पुरुष गुंतून जातात, आणि बाई बंद फ्लॅटमध्ये एसीच्या आवाजात एकटी बसलेली असते. वहिनी तिथे जायची. ओळख असो, नसो. फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर काम करणाऱ्या एका कोकणातल्या माणसाच्या बायकोकडे ती पहिल्यांदा गेली ती थेट तो माणूस गेला त्या दिवशीच. काही बोलायची नाही, शेजारी बसायची, मुलांना खायला घालायची. जाताना पांढरी किंवा अगदी फिकी साडी. लोक तिला फार मानत. मला मात्र वाटायचं, हिला अशा घरी जायला आवडतं. आवडतं म्हणजे... तिथे हिला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. दुसऱ्याच्या चांगुलपणात कुठेतरी खोट सापडली की माझा जीव शांत होतो. आज लिहिताना हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण राहू दे.

आईचं सहस्रचंद्रदर्शन ठाण्याला होतं. दादा-वहिनी आणि आम्ही एकाच विमानानं गेलो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी सईला, माझ्या मुलीला, साडी नेसवून बघत होते आणि पिना सापडेनात. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, ‘माझ्या बॅगेत खालच्या कप्प्यात आहेत बघ.’ मी बॅग उघडली. पिनांची डबी लगेच मिळाली. तिच्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक साडी होती. पांढरी, बिनकाठाची, इस्त्री केलेली, घडीत पांढरा ब्लाउज. बाकी सगळ्या बॅगेत पैठणी, जरीकाठ, आईसाठी आणलेली शाल.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? ज्या घरात उद्या ऐंशी ओलांडलेल्या बाईला दिव्यांनी ओवाळायचंय, तिला अजून आयुष्य मागायचंय, त्या घरात तिच्या सुनेनं बॅगेत तळाला पांढरी साडी आणलेली. मी क्लेम बघते तशी त्या साडीकडे बघितलं. ही इथे का? कुणासाठी? वहिनी दहा पावलांवर पोळ्या लाटत होती, तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. पिशवी होती तशी ठेवली, पिना घेतल्या, आणि संध्याकाळी आईचे पाय चेपताना तिला म्हटलं, ‘आई, वहिनीच्या बॅगेत पांढरं पातळ आहे.’

आई म्हणाली, ‘कुणासाठी?’

मी म्हटलं, ‘मला काय माहीत. तूच समज.’

हे ‘तूच समज’ मी मुद्दाम म्हटलं. नुसतं पातळाचं सांगितलं असतं तर आई कदाचित हसली असती. ‘अगं, ती जाते ना लोकांकडे, राहिलं असेल बॅगेत,’ असं म्हणाली असती. मी ती वाट बंद केली. आईनं पाय जवळ ओढून घेतले आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आई पाटावर बसली, भोवती रांगोळी, तबकात दिवे लावलेले. सून म्हणून पहिला मान वहिनीचा. ती तबक घेऊन पुढे झाली, आणि आई म्हणाली, ‘तू नको. अनघा ओवाळेल मला.’ आवाज मोठा नव्हता, पण गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. माझी आत्या कुणालातरी म्हणाली, ‘काय झालं गं?’ वहिनीनं तबक माझ्या हातात दिलं. पदरानं कडेचं तेल पुसलं, मला चटका बसू नये म्हणून. मग फोटोग्राफरला म्हणाली, ‘तुम्ही ह्या बाजूनं घ्या, म्हणजे आईंचा चेहरा उजेडात येईल.’ आणि हसली. ते हसू मी तिच्या त्या राण्यांच्या फोटोंत पाहिलेलं होतं. त्यात काही सापडत नाही. मी सबंध आयुष्य माणसांच्या चेहऱ्यांत काहीतरी शोधत आले, तिथे मला काहीही सापडलं नाही.

त्यानंतर आई पुन्हा शारजाला गेली नाही. दादा बोलवायचा, तिकीट काढतो म्हणायचा, ती म्हणायची गुडघे साथ देत नाहीत. आमच्याकडे अजमानला मात्र येऊन राहिली, दोनदा. दादाच्या घरी ती जेवायलाही गेली नाही; वहिनी डबा घेऊन यायची तो आई उघडायची नाही. मी तो डबा मिलिंदना खायला घालायचे आणि रिकामा करून परत द्यायचे, ‘आईला आवडलं’ म्हणून सांगायचे. दादा माझ्यापाशी हताश होऊन विचारायचा, ‘अने, आईचं काय बिनसलंय? तुला काही बोलली का?’ मी म्हणायचे, ‘वय झालंय रे तिचं.’ हे मी इतक्या वेळा म्हटलं, की मला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं.

मग आई गेली. ठाण्याला आम्ही आधी पोचलो, दादा-वहिनी त्याच संध्याकाळी. वहिनी दारातून आत आली ती निळ्या फुलाफुलांच्या साडीत. जमलेल्या बायकांत कुजबुज झाली, सासू गेली आणि ही बघा कशी आली. मी ऐकलं. ज्या बाईनं परक्यांच्या दुःखात कधी रंगीत कपडा घातला नाही, ती आपल्या सासूच्या मयताला फुलाफुलांची साडी नेसून आली, आणि का, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. पिना कुठे आहेत हे तिनंच मला सांगितलं होतं. बॅग मीच उघडली होती. आईचं बिनसलं ते त्या पांढऱ्या साडीवरून, हे तिला कळायला कितीसा वेळ लागला असेल? मी तिच्याकडे बघितलं. ती आईच्या पायांशी बसली, पायांवर हात ठेवला, आणि माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.

मग इंग्लंडची राणी गेली तेव्हाची गोष्ट. अंत्ययात्रा टीव्हीवर बघायला मी आणि सई वहिनीकडे शारजाला गेलो होतो. काळे कोट, काळ्या टोप्या, चेहऱ्यावर जाळ्या. मी म्हटलं, ‘सगळं नाटक. एवढे कपडे एका रात्रीत शिवून झाले?’ वहिनी म्हणाली, ‘शिवायला कशाला लागतात? त्यांच्याकडे तयारच असतात. ही राणी तरुण होती, परदेशी गेलेली, तेव्हाच तिचे वडील गेले. म्हणतात, हिच्याजवळ काळा ड्रेसच नव्हता. विमान उतरलं तरी ड्रेस येईपर्यंत हिला आतच थांबावं लागलं. तेव्हापासून त्या घरातली बाई कुठेही निघाली, अगदी सुट्टीवर, तरी बॅगेत एक काळा ड्रेस असतोच.’

सई म्हणाली, ‘मामी, दॅट्स सो मॉर्बिड.’

‘मॉर्बिड काय त्यात? तयारी,’ वहिनी म्हणाली. आणि मग टीव्हीकडे बघत, ‘मी पण ठेवायचे एक.’

ठेवायचे. ‘ठेवते’ नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. सई फोनमध्ये होती. टीव्हीवर बँड वाजत होता. त्या क्षणाला माझ्यापुढे सगळं उघडं झालं असं लिहायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मी आधी संशयच घेतला. हिनं हे मला ऐकवलं का? ही राणीची गोष्ट हिला आधीपासून ठाऊक होती, की नंतर कुठेतरी वाचली आणि आता पुढे केली? साडी खरोखर तयारी म्हणून होती, की आता हिला एक छान कारण मिळालंय? हे सगळे प्रश्न मी मनात विचारले. तोंडानं म्हटलं, ‘साखर जास्त झालीये.’

वहिनी आजारी पडली ते थोडक्यातच आटोपलं. शेवटचं भेटायला गेले तेव्हा मनाशी ठरवून गेले होते, की आज बोलायचं. वहिनी उशीला टेकून बसली होती, हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मला बघून म्हणाली, ‘काय गं, माझा क्लेम रिजेक्ट करायला आलीस?’ मी हसले. तिचे ओठ ओल्या कापसानं टिपले. ती म्हणाली, ‘तुझ्या दादाला स्वयंपाक येत नाही. त्याला अधूनमधून बोलवत जा.’ मी म्हटलं, ‘हो.’ बाकीचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स बीपी बघायला आली. नर्स दोन मिनिटांत गेली. मी त्यानंतर अर्धा तास बसले होते, पण नर्स आली म्हणून राहून गेलं असं मी स्वतःला सांगत आले.

हा लेख इथवर लिहून झाला आणि तो दादाला छापून आल्यावर कळणं मला बरं वाटेना. मागच्या रविवारी शारजाला गेले. त्याच्यासमोर बसून सबंध वाचून दाखवला. मध्ये तो एकदाच बोलला, साडीपाशी. ‘तुला माहीत नसेल,’ तो म्हणाला, ‘तुम्ही इकडे यायच्या आधीची गोष्ट. आम्ही फुजैराला पिकनिकला गेलो होतो आणि तिथेच हिचे वडील गेल्याचा फोन आला. तसेच एअरपोर्टला गेलो. हिच्या अंगात लालभडक कुर्ता, समुद्राची वाळू लागलेला. नागपूरला बापाच्या मयताला ही लाल कपड्यात उभी. तेव्हापासून ती बॅगेत साडी ठेवायची.’ मी पुढे वाचायला लागले.

संपल्यावर तो म्हणाला, ‘सुरुवातीला ती मला विचारायची, आईंना मी काय केलं. मी म्हणायचो, तूच काहीतरी बोलली असशील, आठवून बघ. दरवेळी हेच म्हणायचो मी. ती म्हणायची, नाही रे. मला ते कधी पटलं नाही. पुढे तिनं विचारणंच सोडलं.’

म्हणजे मी आईच्या कानात टाकलेलं ते तिच्यापाशी थांबलं नव्हतं. ते ह्या घरात, ह्या दोघांच्या मध्ये येऊन बसलं होतं. तिच्यापाशी माझं नाव होतं. एका शब्दात ती नवऱ्यापुढे मोकळी झाली असती, आणि मी भावाला परकी झाले असते. तिनं तो शब्द उच्चारला नाही. का, ते मला ठाऊक नाही. माझ्यावरच्या मायेनं, असं मला म्हणायचं नाही. तेवढा हक्क मला नाही. त्या राण्या खुलासा करत नाहीत कारण त्यांना तशी मुभा नसते. हिला होती.

‘हे छापायचं?’ मी विचारलं.

‘छाप,’ दादा म्हणाला. ‘तिनं काही केलं नव्हतं, हे कुठेतरी लिहिलेलं असू दे.’

मी निघाले. वहिनीची एक सवय होती, आलेल्या माणसाला सोडायला ती दारातून किंवा लिफ्टपासून परत जायची नाही. स्लीपर घालून खाली बेसमेंटच्या पार्किंगपर्यंत यायची, उकाड्यातसुद्धा, आणि गाडी रॅम्पवर वळेपर्यंत खांबाशी उभी राहायची. दादा कधी यायचा नाही, तो दारातूनच ‘यल्ला’, म्हणजे इथल्या अरबीत ‘चला’, म्हणून आत वळायचा. त्या दिवशी तो माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरला. आम्ही दोघं आकड्यांकडे बघत खाली आलो. मी गाडीत बसले, काच खाली केली. तो म्हणाला, ‘पुढच्या रविवारी येऊ नकोस.’

मी मान हलवली.

‘त्याच्या पुढच्या ये,’ तो म्हणाला, आणि जाऊन त्या खांबाशी उभा राहिला.